दिव्यांग विद्यार्थी आणि विद्यापीठांचा वार्षिक हिशेब
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हास "शिक्षण आणि आपला समाज" या विषयावर बोलावयास सांगितले आहे. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा. त्यामुळे त्यातला एकच कोपरा आम्ही धरणार आहोत. त्या कोपऱ्यावर आपल्या सभांतून फारसे बोलले जात नाही. आपल्यातली जी मुले डोळ्यांनी, कानांनी, हातापायांनी किंवा बुद्धीने इतरांसारखी नाहीत, त्यांच्या उच्च शिक्षणाचे काय चालले आहे, हा तो कोपरा. निमित्त असे की एका विद्यापीठाच्या संस्थेने वर्षअखेरीस आपल्या कामाचा अहवाल आपल्या अभ्यासिकेला पाठवला. "दिव्यांग समावेशन : वर्षभराचा आढावा" असे त्याचे नाव. कागद गुळगुळीत, फोटो रंगीत. संस्थेचे नाव आम्ही घेत नाही, कारण असले अहवाल आम्ही आणखीही पाहिलेत आणि सगळ्यांची घडण एकच आहे.

त्या अहवालात काय आहे? कार्यशाळा झाल्या. ३ डिसेंबरला जागतिक दिन साजरा झाला. प्रवेशद्वाराशी उतरण बांधली, तिची फीत कापतानाचा फोटो आहे. शिक्षकांना प्रशिक्षण दिले. दुसऱ्या एका संस्थेशी करार केला, सह्या करतानाचा फोटो आहे. हे सगळं वाईट आहे असं आम्ही मुळीच म्हणत नाही. पंधरा वर्षांपूर्वी यातलं काहीच होत नव्हतं. पण आम्ही गिरणीत तीस वर्षे काढलेली माणसं. साचेखात्यात पाळी संपली की साच्यावर किती वार कापड उतरलं ते फळ्यावर लिहिलं जायचं. साच्याला किती वेळा तेल घातलं ते कुणी लिहीत नसे. तेल घालावंच लागतं, पण ते कापड नव्हे.

तर या अहवालात कापड कुठे आहे ते आम्ही शोधले. किती मुले आली, किती टिकली, किती पदवी घेऊन बाहेर पडली? "प्रवेश घेतलेले विद्यार्थी" असा एक रकाना सापडला. "सोडून गेलेले" असा रकानाच नाही.

आपल्याच वस्तीतली एक मुलगी सांगतो. नाव सांगत नाही, ती इथे बसलेली असेल किंवा तिची आई असेल. दृष्टी फार कमी. बारावीला चांगले गुण मिळवले. कॉलेजात राखीव जागेवर प्रवेश मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे खाल्ले. दुसऱ्या सत्रात तिनं कॉलेज सोडलं. का सोडलं? फी नव्हती म्हणून नाही. तिचा फोन मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो, त्यावर तिचा अभ्यास चालायचा. पण कॉलेजातून मिळणाऱ्या मराठी नोट्स म्हणजे पानांचे काढलेले फोटो. फोटोतली अक्षरे तिच्या फोनला वाचता येत नाहीत, फोनच्या लेखी ते निव्वळ चित्र. तिनं मास्तरांना सांगितलं, मास्तर म्हणाले मैत्रिणीकडून वाचून घे. मैत्रिणीलाही पोट आहे, ती दुपारी दुकानात कामाला जाते. बंधू-भगिनींनो, ही मुलगी त्या कॉलेजच्या अहवालात "प्रवेश" या रकान्यात जिवंत आहे. तिथून ती कधीच निघणार नाही.

आणि या अडचणीला कायद्याने मार्ग ठेवलेला आहे, हे आम्हास पुढे वाचताना कळले. कॉपीराइटच्या कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. अंधांना व ज्यांना छापील वाचता येत नाही अशांना वाचता येईल अशी प्रत करून देण्याची मोकळीक त्यात आहे. याच कामासाठी मराकेश येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला २०१४ मध्ये मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत. पहिला! आणि तिच्या कॉलेजात कुणी चार पाने टाइप करून देईना.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. १९९५ चा पहिला कायदा होता, त्यात सात प्रकारचे अपंगत्व धरले होते. त्याच्या जागी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ आला, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकार आहेत. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांनी किमान ५ टक्के जागा राखल्या पाहिजेत, असे कलम ३२ सांगते. वयात पाच वर्षांची सूट आहे. सरकारी नोकरीत ४ टक्के. हे सारे किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला असणाऱ्यांसाठी.

इथे शब्दाविषयी दोन शब्द. आम्ही लहानपणापासून अपंग म्हणत आलो. आता कायद्याच्या मराठी नावात आणि सरकारी कागदावर "दिव्यांग" आहे, म्हणून आम्हीही तोच शब्द वापरतो. पण २०१५ च्या अखेरीस हा शब्द पुढे आला तेव्हा या क्षेत्रातल्या कितीतरी कार्यकर्त्यांनी त्याला जाहीर विरोध केला होता. आमच्या शरीरात दिव्य असं काही नाही, आम्हाला हक्क द्या, असं त्यांचं म्हणणं. ज्यांना एके काळी "हरिजन" हे नाव बहाल करण्यात आलं आणि ज्यांनी ते नाकारलं, त्या समाजाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. देवाचं नाव दिलं की देणाऱ्याचं काम संपतं.

पुन्हा आकड्यांकडे येऊ. केंद्र सरकार दरवर्षी उच्च शिक्षणाची पाहणी करते. २०२०-२१ च्या पाहणीत देशभर सुमारे ४ कोटी १४ लाख विद्यार्थी उच्च शिक्षणात होते. त्यात दिव्यांग विद्यार्थी ७९,०३५. हजारात दोनसुद्धा भरत नाहीत. कायदा शंभरात पाच म्हणतो. शिवाय त्याच्या आदल्या वर्षी, २०१९-२० मध्ये, हा आकडा ९२,८३१ होता. म्हणजे एका वर्षात तेरा हजारांहून जास्त कमी. ते टाळेबंदीचं वर्ष होतं. वर्ग फोनवर गेले आणि ज्यांना फोनवरचा वर्ग दिसत नव्हता, ऐकू येत नव्हता ते गेले असणार, असा आमचा अंदाज आहे. त्याच वर्षी आमची गिरणीही थांबली. मार्च २०२० मध्ये बंद झालेला भोंगा पुन्हा वाजला नाही.

कुणी म्हणेल, हा प्रश्न दिव्यांगांचा आहे, आपला काय संबंध? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. लोकसंख्येत ते शंभरात २.२१ पडतात. अनुसूचित जातींमध्ये हेच प्रमाण २.४५ आहे. अपुरे अन्न, गटारकाम, बांधकाम, भट्टी, यंत्र, वेळेवर न मिळालेला डॉक्टर, हे सगळे त्या आकड्यात आलेच. आमच्या साचेखात्यात धोटा उडून डोळा गेलेला कामगार आम्ही पाहिला आहे. साच्यांच्या आवाजात वीस वर्षे उभा राहिलेला माणूस घरी बायकोचं बोलणं ऐकू शकत नसे. गिरणीत आम्ही ओठ वाचून आणि हातवारे करून बोलत असू. बहिरेपण म्हणजे काय आणि भाषा हातानेही बोलता येते, हे आम्हाला कुठल्या कार्यशाळेत शिकावं लागलं नाही.

शिवाय आरक्षणाचा एक गुंता आहे, तो आपल्या पालकांना माहीत नसतो म्हणून सांगतो. जातीचं आरक्षण उभं आणि दिव्यांगांचं आडवं. १९९२ च्या मंडल निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. दिव्यांग विद्यार्थी अनुसूचित जातीचा असेल तर तो त्याच प्रवर्गात मोजला जातो. बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या, हे आपण जाणताच. तेव्हा आपल्या दिव्यांग मुलानं एक दाखला दाखवायचा आणि दुसरा घरी ठेवायचा, असं करू नये. दोन्ही दाखवावेत. २०२० साली चंदीगडच्या शासकीय कला महाविद्यालयाचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला होता. चाचणीत अनुसूचित जाती-जमातींना ३५ गुण पुरे होते आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाला मात्र ४० मागत होते. न्यायालयाने सांगितले, दिव्यांग हेही सामाजिकदृष्ट्या मागासच आहेत, जी सूट अनुसूचित जाती-जमातींना तीच यांनाही. आपल्या लढ्यानं जी वाट पाडली तिच्यावरून आणखी कुणी चाललं, याचा आम्हास आनंद आहे.

टक्क्यांविषयी मात्र आम्हास जरा सविस्तर बोलावयाचे आहे. शरीराचे टक्के कामगाराला नवे नाहीत. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा होता, त्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. अंगठा गेला, ३० टक्के. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत आहे, ४० टक्के. कमाईची ताकद तेवढी कमी झाली असे धरायचे आणि त्या हिशेबाने पैसे द्यायचे. पैसे देण्यापुरता हा हिशेब ठीक. पण अंगठा गेलेला जॉबर आमच्या खात्यात होता, तुटलेला धागा त्याच्याइतका झटकन कुणी सांधत नसे. तो ७० टक्के माणूस होता काय? परिशिष्टाला अंगठा दिसतो, माणूस काय करू शकतो ते दिसत नाही.

विद्यापीठांत नेमके हेच चालले होते. आपल्या महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला बोलण्याची अडचण, दाखल्यावर चाळीसहून थोडे अधिक टक्के. डॉक्टर व्हायचे होते. आता गंमत बघा. ४० टक्क्यांच्या खाली असता तर राखीव जागा नाही. ४० किंवा वर, तर वैद्यकीय शिक्षणाच्या तेव्हाच्या नियमाने तो अपात्र! म्हणजे दार उघडायचे आणि उंबऱ्यातच भिंत बांधायची. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. अमरावतीचे सुपुत्र न्यायमूर्ती भूषण गवई त्या पीठाचे प्रमुख होते. १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की नुसत्या टक्क्यांवरून कुणाला अपात्र ठरवता येणार नाही, हा अभ्यासक्रम त्याला पुरा करता येईल की नाही हे मंडळाने तपासले पाहिजे. मुलाला प्रवेश मिळाला. त्याआधी फेब्रुवारी २०२१ मध्ये लेखनिकाच्या बाबतीतही असाच निकाल आला होता. हाताला गोळे येऊन लिहिता न येणाऱ्या उमेदवाराला, ४० टक्क्यांचा दाखला नसला तरी, लेखनिक मिळाला पाहिजे असा. तेव्हा टक्के कमी आले म्हणून डॉक्टरकडून हात हलवत परत येऊ नका. राखीव जागा कदाचित मिळणार नाही, परीक्षेतल्या सोयीचा हक्क राहतोच.

आता तुम्ही विचाराल की चांगला अहवाल कसा असतो? त्याचेही उदाहरण आमच्यापाशी आहे. हैदराबादला नालसार हे कायद्याचे विद्यापीठ आहे. त्यात दिव्यांग अभ्यासाचे एक केंद्र आहे. राजीव रतुरी या अंध कार्यकर्त्याची सार्वजनिक जागा दिव्यांगांना वापरता याव्यात म्हणून २००५ पासूनची याचिका सर्वोच्च न्यायालयात होती. २०१७ ला निकाल झाला, आदेश निघाले, पालन होईना. तेव्हा नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने या केंद्राला सांगितले की प्रत्यक्ष स्थिती काय आहे ती पाहून आम्हास कळवा. केंद्राने अहवाल दिला. त्याचे नाव "फाइंडिंग साइझेस फॉर ऑल", म्हणजे सगळ्यांची मापे शोधणे. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला हे नाव लगेच पोचतं. एका मापाचा सदरा शिवून सगळ्यांना वाटला तर ज्याला तो बसत नाही त्याचं अंग चुकीचं ठरतं, शिंप्याला कुणी विचारत नाही.

या अहवालाने काय केले? कायदा "केलेच पाहिजे" म्हणतो आणि त्याखालचा नियम १५ मात्र निव्वळ शिफारशींवर बोट ठेवतो, ही फट त्यांनी दाखवून दिली. अधिकाऱ्याला पळवाट हीच. उतरण बांधली तर बक्षीस नाही, न बांधली तर जाब नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्र सरकारला सक्तीचे किमान नियम तीन महिन्यांत करावयास सांगितले. एका विद्यापीठाच्या केंद्राने केलेल्या कामावरून देशाचा नियम पडला! त्यांनी फीत किती वेळा कापली हे आम्हास ठाऊक नाही, पण ते विचारावंसंही वाटत नाही.

असल्या अहवालांना काय विचारायचे ते आपल्या चळवळीला पूर्वीपासून येते. नोकऱ्यांतल्या आरक्षणाच्या वेळी सरकार म्हणायचे, आम्ही अनुकूल आहोत. आपले कार्यकर्ते म्हणायचे, साहेब, भाषण राहू द्या, बिंदुनामावली दाखवा. कुठला बिंदू कुणाचा, तो कधी रिकामा झाला, कुणाला दिला, अनुशेष किती? तीच नामावली इथेही मागायची. दिव्यांगांच्या जागा किती, भरल्या किती, रिकाम्या राहिलेल्या जागा नंतर कुणाला दिल्या? पहिल्या वर्षाला आलेले दुसऱ्या वर्षाला किती राहिले? मुली किती, अनुसूचित जाती-जमातीचे किती? पदवी किती जणांच्या हाती पडली? बाबासाहेबांच्या संविधानात कलम ४१ मध्ये शिक्षणाच्या हक्काबरोबरच विकलांगतेच्या वेळी मदत मिळण्याचा उल्लेख आहे. तेव्हा ही मागणी काल-परवाची नव्हे.

आणि दुसऱ्याला विचारताना आपल्या घरचेही बघू या. आपल्या विहाराला सात पायऱ्या आहेत. आमचे एक जुने सोबती, पायाने अधू, गेल्या वर्षी वर्धापनदिनाला खाली रस्त्यावर खुर्ची टाकून भोंग्यावरून भाषणे ऐकत होते. समितीत उतरणीचा विषय निघाला तेव्हा कुणी म्हणाले, दोन फळ्या टाकू. फळ्यांनी भागत नाही. सहा इंचांच्या सात पायऱ्या म्हणजे साडेतीन फूट चढ. एक फूट चढाला बारा फूट लांबी असे प्रमाण आहे, म्हणजे बेचाळीस फूट उतरण झाली. आपले अंगण तीस फुटांचे. तेव्हा मध्ये सपाट जागा सोडून वळण घ्यावे लागेल आणि दोन्ही बाजूंना धरायला कठडा. आम्ही मोजमाप घेऊन कागद अध्यक्षांकडे दिला आहे. वर्गणीच्या यादीत आमचे नाव पहिले लिहा. उद्या ती बांधून झाली की आपल्याही स्मरणिकेत फोटो येईल, येऊ द्या. पण फोटोखाली त्या वर्षी त्या उतरणीवरून किती माणसं वर आली ते लिहा.

शेवटची सूचना कामाची आहे, ती नीट ऐका. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. आताच वाचलेले प्रश्न घालून अर्जाचा मसुदा आम्ही केला आहे. पाच अर्ज जायचे आहेत, चार आपल्या भागातल्या अनुदानित कॉलेजांना आणि एक विद्यापीठाला. ज्यांच्या घरी दिव्यांग मूल आहे त्यांनी अपंगत्वाचा दाखला, जातीचा दाखला आणि दहावी-बारावीची गुणपत्रिका यांच्या छायाप्रती आणाव्यात, म्हणजे येत्या प्रवेशाच्या वेळी धावपळ होणार नाही. ज्याच्याकडे दाखलाच नाही त्यानेही यावे, तो कुठे आणि कसा काढायचा ते अभ्यासिकेतली मुले सांगतील. रविवारी सकाळी दहा वाजता. वर सभागृहात नाही, खाली अंगणात बसू.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. जय भीम.